इशाऱ्याची घंटा आणि ती थांबवणारा हात



गिरणीतला कामगार यंत्राचे दोन आवाज ओळखतो. एक चालण्याचा आणि दुसरा कुरकुरण्याचा. चालण्याच्या आवाजाकडे मालकाचे कान असतात. कुरकुरीकडे मात्र ज्याचा हात यंत्राजवळ असतो त्यालाच लक्ष द्यावे लागते. आज आम्ही ज्या यंत्राची हकीकत सांगणार आहोत ते संगणकाचे आहे. आमचे शिक्षण गेटसभेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले, म्हणून या विषयाकडे आम्ही आमच्याच बाजूने आलो आहोत. प्रश्न जुनाच आहे : कुरकूर थांबली म्हणजे दुखणे बरे झाले काय?

संगणकाला आकड्यांच्याच आज्ञा कळतात. माणसाने आपल्याला वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहाव्या आणि त्यांचे यांत्रिक भाषेत रूपांतर यंत्रानेच करावे, ही कल्पना ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीने १९५२ च्या सुमारास प्रत्यक्षात आणून दाखवली. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा व तिचा कंपायलर पुरा केला. कंपायलर म्हणजे हा रूपांतर करणारा कारकून. त्याची तक्रार दोन प्रकारची असते. लिहिलेले मुळातच कळले नाही तर तो काम नाकारतो. दुसऱ्या प्रकारात तो काम करून देतो, पण म्हणतो, "साहेब, या पेटीत काही ठेवण्याआधीच तुम्ही ती उघडून पाहता आहात, एकदा नजर टाका." या दुसऱ्या तक्रारीला इशारा म्हणतात. इशारा मानलाच पाहिजे असे बंधन नाही. सारी गोम इथेच आहे.

१९७८ साली बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील लिखाण तपासण्यासाठी केवळ इशारे देणारी एक वेगळी आज्ञावली तयार केली. तिचे नाव 'लिंट'. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारे कापसाचे बारीक तंतू. ज्यांनी साचेखात्यात आयुष्य काढले त्यांना या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको.

साचेखात्याचा विषय निघाला आहे तर तिथलाच एक दाखला घेऊ. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग ताण्याचा एक धागा तुटला तरी आपोआप थांबत असे. थांबणे हाच त्या मागाचा इशारा. त्यामुळे खराब कापड निघत नसे, आणि एका माणसाला पुष्कळ माग सांभाळता येत. पण लक्षात घ्या, तुटलेला धागा जोडायला माणूसच येत असे. मुंबईत १९२८ साली सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपामागे जी कारणे होती त्यांत दोन साच्यांच्या विणकराला तीन साचे देण्याची योजना हे एक होते. एका जोडी डोळ्यांनी किती धागे पाहावेत, हा वाद आमच्या चळवळीला नवा नाही.

आता इतिहासातील दोन प्रकरणे सांगतो.

पहिले प्रकरण डेबियनचे. डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली संगणकप्रणाली आहे. तिच्यात ओपनएसएसएल नावाची आज्ञावली गुप्त किल्ल्या तयार करते. या किल्ल्यांच्या भरवशावर पैशाचे व्यवहार आणि खासगी निरोप सुरक्षित राहतात. किल्ली बळकट व्हायची तर तिच्यात अंदाज न करता येण्यासारखे बीज मिसळावे लागते. तपासणीच्या साधनाने इशारा दिला की, काहीही न भरलेली जागा येथे वाचली जात आहे. हा इशारा कंपायलरच्याच जातीचा. २००६ साली इशारा नाहीसा करण्यासाठी दोन ओळी रद्द करण्यात आल्या. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या होत्या, पण त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. एक काढल्याने बिघडण्यासारखे काही नव्हते. दुसरी नेमकी बीज मिसळणारी होती. तीही गेली. मग किल्लीच्या बीजात फरक पाडणारा उरला तो केवळ चालू कामाचा अनुक्रमांक, आणि तो सहसा ३२,७६८ च्या पलीकडे जात नसे. ज्या किल्ल्यांची संख्या मोजता येऊ नये अशी अपेक्षा, त्या एखाद्या तालुक्याच्या मतदारयादीपेक्षाही थोड्या झाल्या!

इशारा थांबला. आज्ञावली पूर्वीसारखी चालू राहिली. सुमारे वीस महिने कोणाला काही जाणवले नाही. लुचियानो बेल्लो यांच्या नजरेस दोष आला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला, तेव्हा डेबियन व तिच्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर त्या काळात तयार झालेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. बदल करणाऱ्याने तो चोरून केला नव्हता. त्याने आधी जाहीरपणे विचारले होते, आणि त्याला हरकत घेतली गेली नव्हती. म्हणून एका माणसावर खापर फोडण्यात अर्थ नाही. ती ओळ तेथे का होती हे सांगणारा माणूस त्या क्षणी तिच्याजवळ उभा नव्हता, हे खरे कारण.

दुसरे प्रकरण याच्या उलट आहे. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात एका पर्यायाचे काम संपल्यावर थांबण्याची आज्ञा नसल्याने यंत्र घसरत पुढच्या पर्यायात शिरते, असा इशारा देणारी जागा दोन हजारांवर होत्या. कित्येक ठिकाणी ते घसरणे हेतुपुरस्सर होते. काही ठिकाणी मात्र थांबण्याची आज्ञा लिहिणाराच विसरला होता. गुस्तावो सिल्व्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक जागा वाचून हेतू कोणता आणि विसर कोणता याची निवड केली. २०१९ साली ५.३ ही आवृत्ती निघाली तेव्हा तो इशारा सर्वत्र चालू ठेवता आला. इशारे येथेही संपले, पण प्रत्येकाला उत्तर देऊन संपले.

आज हे काम एआय एजंटाच्या हाती देण्याची रीत पडत आहे. हा एजंट इशाऱ्यांची यादी वाचतो, लिखाण उघडतो, दुरुस्ती करतो, पुन्हा कंपायलर चालवतो, कसोट्या घेतो आणि यादी कोरी होईपर्यंत हे चक्र फिरवतो. आम्ही त्याचे शत्रू नाही. न वापरलेले नाव काढणे, राहिलेली घोषणा जोडणे, ही हमाली यंत्राने उचलली तर उत्तमच. पण रिकाम्या पेटीचा इशारा आला की पेटीत शून्य टाकूनही तो बंद होतो. मग ती पेटी एखाद्याच्या पगाराची असो की औषधाच्या मात्रेची. "माहिती तबकडीवर लिहिली गेली की नाही हे तुम्ही पाहिले नाही," असा इशारा आला की उत्तर घेऊन फेकून देता येते. "येथे गप्प राहा," असे खुद्द कंपायलरलाच लिहून ठेवण्याचीही सोय आहे. यादी तिन्ही प्रकारे कोरी होते. ज्याला कोरी यादी हेच उद्दिष्ट दिले, त्याला सर्वांत जवळची वाट हीच सापडण्याचा धोका आहे. हा दोष यंत्राच्या बुद्धीपेक्षा काम नेमून देणाऱ्याच्या मापात अधिक आहे. नगावर मजुरी ठरवली की नग वाढतात, हे गिरणीने आम्हांला केव्हाच शिकवले आहे.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. एजंटाने केलेल्या प्रत्येक बदलाखाली तो वाचून समजलेल्या माणसाची सही असावी. इशारा सोडवला की नुसता गप्प केला, याचा हिशेब वेगवेगळा ठेवावा. आणि सही करणाऱ्याला वाचायला पुरेसा वेळ मिळावा. दिवसाला पाचशे बदल पुढ्यात टाकून सही मागणे म्हणजे तीन साच्यांची योजना नव्या नावाने आणणे होय. सही त्याची, वेग मालकाचा, आणि अपघात झाला की चौकशी पुन्हा त्याचीच, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

धागा तुटला की थांबणारा माग माणसाने बांधला, ही मोठी गोष्ट होती. आता तुटलेला धागा जोडू पाहणारे यंत्रही आले आहे. गाठ बसली की नाही हे बोटाने चाचपून पाहण्याचा हक्क, आणि त्यासाठी लागणारा वेळ, कामगाराने सोडता कामा नये.