दिव्याच्या दोन्ही बाजूंचे कारखाने आणि एक गोडसर वास

ठाणे आणि डोंबिवलीच्या मधलं दिवा म्हणजे मूळचा खाडीकाठ: आगरी-कोळ्यांची गावं आणि भातशेती. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली, १९६४ मध्ये डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आली आणि दिव्याच्या दोन्ही अंगांना पाळ्यांचे भोंगे वाजू लागले.

वागळे इस्टेटमध्ये इंजिनीअरिंगची वर्कशॉपं पुष्कळ. लेथवरून उतरलेला भाग तेलकट असतो; रंग किंवा मुलामा चढवण्याआधी त्याचं ग्रीस काढावंच लागतं. रॉकेल-पेट्रोलने ते निघतं, पण आग लागते. देशभरच्या अशा वर्कशॉपांत म्हणूनच क्लोरीनयुक्त द्रावकं शिरली: कार्बन टेट्राक्लोराइड आणि ट्रायक्लोरोएथिलीन. पहिलं तर पेटतच नसे. कापडावरचे डाग काढायलाही ते चाले. आगीची भीती गेली, एवढंच त्या वेळी दिसलं.

ट्रायक्लोरोएथिलीनची टाकी खोल असते. तळाशी हीटर, वरच्या कडेला गार पाण्याची नळी. द्रव ८७ अंशांना उकळतो, वाफ थंड धातूवर जमते आणि तेलासकट खाली गळते. ही वाफ हवेपेक्षा सुमारे साडेचार पट जड, म्हणून ती टाकीतच साचून राहते. गाळ काढायला आत उतरणाऱ्या कामगाराचं डोकं नेमकं त्याच थरात असतं. वास गोडसर, थोड्या वेळाने गरगरतं. त्यात नवल नाही, कारण १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये हेच द्रव्य ‘ट्रायलीन’ नावाने भूल द्यायला वापरत होते.

भारत १९९२ मध्ये मॉन्ट्रियल करारात सामील झाला. कार्बन टेट्राक्लोराइड ओझोनचा थर विरळ करतं, म्हणून १ जानेवारी २०१० पर्यंत त्याचा असा वापर थांबवायचं ठरलं. धातू धुणाऱ्या अनेक कारखान्यांना पर्याय म्हणून मिळालं ते ट्रायक्लोरोएथिलीन. लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं होतं. २०१२ मध्ये ‘बहुधा’ गळून पडलं. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा पुरावा पक्का ठरला; यकृताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाशीही संबंध दिसला. आकाश वाचवण्याचा हिशेब चोख मांडला गेला, टाकीवर वाकलेल्या माणसाचा मात्र कुणी मांडला नाही. हे अक्षम्य आहे.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, आपल्या कारखाने कायद्यात घातक द्रव्यांच्या मर्यादा आल्या. ट्रायक्लोरोएथिलीनसाठी हवेत दहा लाख भागांत ५० भाग. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये बंदीचा नियम जाहीर केला, त्यात तात्पुरत्या वापरासाठी ठेवलेली मर्यादा ०.२ होती.

असा कर्करोग उमटायला दशकं जातात. तोवर वर्कशॉप बंद झालेलं असतं, कामगार गावी परतलेला असतो किंवा रिक्षा चालवत असतो. १९६३ मध्ये सुरू झालेली मुंबईची कर्करोग नोंदणी देशातली पहिली, पण ती बृहन्मुंबईपुरती. दिवा तिच्या हद्दीबाहेर. तरीही कागदावर एक वाट होती. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ‘व्यवसायजन्य कर्करोग’ होता, आणि कलम ८९ नुसार कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या रुग्णाची अशी खबर मुख्य कारखाना निरीक्षकाला देणं उपचार करणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक होतं. त्यासाठी केसपेपरवर नाव, वय, पत्त्याखाली आणखी एक ओळ हवी: आधी कुठे, कशावर काम करत होता.