काजळ, डिंक आणि घोटणी : मोडी कागदांवरची अक्षरे काळी का राहिली?

थ्रेड. मांजरी असो वा पुणे परिसरातील दुसरे एखादे गाव, पेशवेकालीन कागद हाती आला की प्रथम नजरेत भरते ती शाई. कागद पिवळा पडतो, कडा झिजतात, कसर लागते. अक्षर मात्र काळेच.

तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ म्हणजे बहुतांशी कार्बन. उजेडाने तो विटत नाही, कागदालाही खात नाही. युरोपात मायफळ आणि हिराकस यांची शाई रूढ होती. तिने कित्येक कागद अक्षरांच्या जागीच जाळले.

काजळाचे मूळ कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतात. पण ते सुटे राहत नाहीत. त्यांच्या साखळ्या होतात, साखळ्यांचे पुंजके. शिवाय काजळ पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. म्हणून डिंकाच्या पाण्यात ते खलात घालून दीर्घकाळ घोटावे लागे. घोटण्याने पुंजके फुटतात, तुकड्यांवर डिंकाचा लेप बसतो आणि ते पुन्हा सहजी एकवटत नाहीत. घोटणी अपुरी राहिली, तर काजळ तळाशी बसणार आणि बोरूच्या टोकाशी गुठळी येणार.

येथे एका लाडक्या दाव्याची झडती घेतलीच पाहिजे : ‘पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते.’ नाही. सूक्ष्म कण घडतो तो ज्योतीत. खल त्याला फक्त सुटा करतो. कार्बनची आंतररचना बदलायची तर आघात फार मोठा लागतो. आजच्या प्रयोगशाळेत ग्रॅफाइट पोलादी गोळ्यांच्या फिरत्या चक्कीत तासन्‌तास दळतात, तेव्हा त्याचे एकावर एक रचलेले थर सरकतात, वाकतात, तुटतात आणि स्फटिकाची शिस्त मोडते. हाताच्या बत्त्यात ते बळ नाही. शाई करणाऱ्याला परिणाम ठाऊक होता, कारण नव्हे. आणि परिणाम ओळखणारी ती बोटे मला पुरेशी थोर वाटतात.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. पानाभोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, ही त्यातली सूचना. काळजी कागदाची आहे!

वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. माळ्यावरच्या रुमालांत या शाईचा खरा वैरी होता पाणी. कार्बन विरघळत नाही, पण त्याला धरून ठेवणारा डिंक विरघळतो. म्हणूनच संवर्धक जुना कागद धुण्यापूर्वी एखाद्या अक्षराच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहतात.