डिझाइन चॅलेंज म्हणजे काय? कुंभमेळ्यातली गर्दी मोजणारी चटई आणि वर्गातले खेळ

27 ऑगस्ट 2003. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात स्नानासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविकांचा जीव गेला.

बारा वर्षांनी, 2015 च्या सिंहस्थात, याच शहरात रस्त्यावर एक चटई अंथरण्यात आली. नाव 'अशिओतो', म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. चटईवर पाय पडला की सेन्सर तो टिपतो, आकडा इंटरनेटवरून पुढे जातो आणि कुठल्या वाटेवर किती माणसं शिरली हे तेव्हाच्या तेव्हा कळतं. 18 तासांत सुमारे 5 लाख लोक मोजले गेल्याचं ती बनवणाऱ्यांनी नंतर सांगितलं. यामागे होता नाशिकचाच एक शाळकरी मुलगा आणि त्याचे सहकारी.

ही चटई घडली ती 'कुंभथॉन'मध्ये. एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर मूळचे नाशिकचे. त्यांच्या पुढाकारानं 2014 पासून शहरात ही शिबिरं सुरू झाली. विद्यार्थी, इंजिनिअर, डॉक्टर आणि प्रशासनातली माणसं एकत्र बसायची आणि पहिला प्रश्न असायचा: कुंभमेळ्यात नेमकी अडचण कुठे येते? उत्तराची घाई नाही.

मग वर्गात हे कसं करायचं?

डिझाइन चॅलेंज म्हणजे खरी वाटेल अशी एक अडचण, मोजकं सामान आणि ठरलेला वेळ. करून बघायचं, फसलं तर बदलायचं. जगभर गाजलेला नमुना म्हणजे 'मार्शमेलो चॅलेंज': स्पॅगेटीच्या 20 काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडा दोरा आणि 18 मिनिटं. जास्तीत जास्त उंच मनोरा उभारायचा आणि टोकावर मार्शमेलो ठेवायचा. हा खेळ अनेक ठिकाणी घेणारे टॉम वुजेक 2010 च्या टेड भाषणात सांगतात की, बालवाडीतली मुलं यात बिझनेस स्कूलच्या पदवीधरांना मागे टाकतात. मोठी माणसं बराच वेळ आखणी करतात आणि शेवटच्या क्षणी वर मार्शमेलो ठेवतात. मनोरा कोसळतो. मुलं पहिल्यापासूनच तो ठेवून बघतात, त्यामुळे चुका लवकर कळतात.

आपल्याकडे स्पॅगेटी कशाला? खराट्याच्या काड्या चालतात. आणि नाशिकच्या वर्गाला तर याहून चांगलं आव्हान आहे: रद्दी पेपर आणि दोऱ्यापासून असा खोका करा की पहिल्या मजल्यावरून टाकला तरी आतला द्राक्षाचा घड फुटणार नाही. गुरुत्वाकर्षण, घर्षण, पॅकेजिंगचा खर्च, सगळं एका तासात येतं. फुटलेली द्राक्षं कुणी खायची, हा वाद वेगळा.

ऑनलाइन गेमचं काय?

सगळे गेम एका मापाचे नसतात. 'कहूट'सारख्या क्विझमध्ये पडद्यावर प्रश्न येतो आणि मोबाइलवर झटपट उत्तर द्यायचं असतं. उजळणीला छान, पण गुण वेगावरही मिळतात. विचार करून उत्तर देणारं मूल मागे पडतं.

'फेट' वेगळं आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा मोफत उपक्रम. त्यातली अनेक सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. विजेचं सर्किट जोडताना चूक झाली तर पडद्यावरची बॅटरी पेट घेते. खऱ्या प्रयोगशाळेत कुठले सर हे करू देतील? शिवाय सिम्युलेशन डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालवता येतं. रेंजसाठी टेकडीवर जावं लागणाऱ्या पाड्यावरच्या शाळेला हे महत्त्वाचं.

दोन्हींची जोडी सर्वांत उपयोगी ठरते. आधी पडद्यावर सर्किट जोडून बॅटरी जाळून घ्यायची आणि मग खरा सेल, वायर आणि बल्ब हातात द्यायचा. पडद्यावर वायर कधी सैल राहत नाही, हातात मात्र राहते, आणि ती शोधण्यातच अर्धा तास जातो.

पैशांचं म्हणाल तर, नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत 2016 पासून निवडलेल्या शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी थ्रीडी प्रिंटर, सेन्सर येतात. लॅबला कुलूप लावून ठेवलं तर मात्र खराट्याच्या काड्या बऱ्या.

नाशिकचा पुढचा सिंहस्थ 2027 मध्ये आहे. 2015 मध्ये पहिलीत असलेली मुलं तेव्हा कॉलेजात असतील.