कुकच्या नोंदींतला फरक

जेम्स कुक आपल्याला माहीत असतो तो पॅसिफिकमधल्या किनाऱ्यांचे नकाशे काढणारा ब्रिटिश नौदल अधिकारी म्हणून. त्याच्या कारकिर्दीतला एक प्रसंग मात्र आपल्या प्रयोगशाळेच्या फार जवळचा आहे.

यॉर्कशायरमधल्या शेतमजुराचा हा मुलगा १७२८ साली जन्मला. कोळसा वाहणाऱ्या जहाजांवर उमेदवारी करून १७५५ मध्ये तो साधा खलाशी म्हणून नौदलात शिरला आणि तिथे सर्वेक्षण शिकला. १७६८ मध्ये लेफ्टनंट होऊन तो 'एन्डेव्हर' जहाजातून ताहितीला निघाला. काम होते शुक्राच्या अधिक्रमणाच्या वेळा नोंदण्याचे.

पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिले, तर शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून किंचित वेगळ्या रेषेने जाताना दिसतो. म्हणून त्याला लागणारा वेळही बदलतो. या फरकावरून सूर्याचे अंतर काढता येईल, असे हॅलीने १७१६ मध्ये सुचवले होते.

३ जून १७६९ रोजी आकाश निरभ्र होते. कुक, खगोलनिरीक्षक ग्रीन आणि निसर्गशास्त्रज्ञ सोलांडर, तिघांनीही दुर्बिणीतून पाहिले. पण त्यांच्या वेळा जुळेनात! शुक्राभोवती अंधुक छटा दिसत होती. त्याची कड सूर्याच्या कडेला नेमकी केव्हा टेकली, हे ठरवणे कठीण होते.

असेच काहीसे आपणही पाहू शकतो. अंगठा आणि तर्जनी खिडकीच्या उजेडासमोर (सूर्यासमोर नव्हे) डोळ्याजवळ धरून हळूहळू जवळ आणा. बोटे टेकण्याआधीच मध्ये काळसर पूल दिसतो. प्रतिमा अस्पष्ट असली की असे होते.

कुकने हा फरक लपवला नाही. अपेक्षेपेक्षा जास्त तफावत आली, असे त्याने कारणासह लिहून ठेवले. ताहितीच्या आणि इतर ठिकाणच्या नोंदी एकत्र करून हॉर्न्सबी यांनी १७७१ मध्ये सूर्याचे अंतर सुमारे १५ कोटी ८ लाख किलोमीटर इतके काढले. आजचा आकडा १४ कोटी ९६ लाख. फरक एक टक्क्याहून कमी!

या सफरीला दुसरी बाजूही होती. कुकजवळ दक्षिणेकडचा खंड शोधण्याचे गुप्त आदेश होते. १७७० मध्ये त्याने तिथल्या रहिवाशांना न विचारता ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिटनचा हक्क सांगितला. १७७९ मध्ये हवाईत तिथल्या राजाला ओलीस धरण्याच्या प्रयत्नात तो मारला गेला. विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू सांगायला हव्यात.

वर्गात लंबकाचा आवर्तकाल मोजताना दोन गटांची उत्तरे वेगळी आली, की एक गट शेजाऱ्यांची वही पाहून आकडा बदलतो. आपण त्यांना ताहितीची गोष्ट सांगू आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहू.