शिष्यवृत्तीच्या करारात नसलेले कलम



बारावीचा निकाल लागला की आमच्या पलसाण्यातल्या मराठी घरांत एकच विचार सुरू होतो. मुलाला सुरतेच्या विद्यापीठात घालावे, की कर्ज काढून परदेशी पाठवावे? वडील खर्चाचा हिशेब मांडतात, आई अंतराचा. हा पेच नवा नाही. पलसाण्याचा त्याच्याशी जुना संबंध आहे.

1949 मध्ये विलीनीकरण होईपर्यंत पलसाणा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देशी की परदेशी असा भेद मानला नाही. 1906 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे व मोफत केले, आणि त्याच खजिन्यातून निवडक विद्यार्थ्यांना समुद्रापार पाठविले. त्या खजिन्यात पलसाण्याच्या शेतकऱ्याचा साराही होता.

त्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे भीमराव आंबेडकर. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले, तेही महाराजांच्याच मासिक साहाय्यावर. पुढे 1913 मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती मिळाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. भीमरावांनी करारावर सही केली. 1915 मध्ये ते एम. ए. झाले, पुढल्या वर्षी लंडनला गेले. तेथे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून 1917 मध्ये ते परतले. दिलेल्या शब्दाप्रमाणे बडोद्यास नोकरीवर हजर झाले.

विद्यार्थ्याने काय करावे, हे करारात स्पष्ट लिहिलेले होते. गावाने काय करावे, याचे कलम मात्र त्यात नव्हते.

अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहावयास खोली मिळेना. अखेरीस पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहात उतरले. कचेरीतले शिपाई कागद दुरूनच टाकीत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारी आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम देऊन गेले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, उद्या पत्नी येईल, तिला विचारून सांगतो. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण; धर्म बदलला होता, पण पत्नीचा सोवळेपणा गेला नव्हता.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मी ख्रिस्ती आहे, शिक्षक आहे. हा भाग वर्गात सांगताना त्या मित्राचा धर्म मी गाळत नाही. गाळण्याचा मोह मात्र होतो.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. कोलंबियाच्या त्या पदवीधराने मधले तास कमाठीबागेत बसून काढले. मग ती गाडी सुरत ओलांडून, पलसाण्याच्या पश्चिमेकडून, त्यांना मुंबईस घेऊन गेली. दहा वर्षांच्या कराराची सेवा दोन आठवडेही टिकली नाही.

यावरून परदेशी शिक्षण व्यर्थ, असा अर्थ कोणी काढू नये. स्वतः बाबासाहेबांनी तो काढला नाही. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, स्नेह्यांचे साहाय्य घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1923 मध्ये डी. एस्‌सी. होऊनच त्यांनी अर्धा राहिलेला अभ्यास पुरा केला. पुढे 1946 मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारले. परदेशात मिळविलेल्या विद्येचे मायदेशी असे घर झाले.

तेव्हा मुलाने कोठे शिकावे, हे त्याची आवड, विषय आणि ऐपत पाहून ठरवावे. विद्या जेथे चांगली मिळेल तेथे जरूर जावे. पण आपण जे मागे राहतो, त्यांनीही एक प्रश्न स्वतःस विचारावा. शिकून आलेल्याला आपण कोणत्या दारात उभे करणार? आज पलसाण्यात गिरण्यांच्या कामासाठी दूरदूरची माणसे येतात. भाड्याची खोली मागणाऱ्याला आपण आधी भाडे सांगतो, की आधी आडनाव विचारतो?

करारात नसलेले ते कलम अजून लिहावयाचे आहे. ते लिहिणे कोणत्याही विद्यापीठाचे काम नव्हे. ते आपल्या उंबरठ्याचे काम आहे.