वज्रलेप, चुना आणि सिमेंट

विंचूर (तालुका निफाड, जिल्हा नाशिक) हें पेशवाईंतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचें गांव. येथें जुनीं बांधकामें पाहावयास येणारे जिज्ञासू बहुधा विचारतात कीं, दगडांच्या सांध्यांतील हा मसाला कशाचा? सोबतचा कोणी तरी तत्काळ सांगतो, हा वराहमिहिराचा वज्रलेप; आमचें प्राचीन सिमेंट! हें मत छापीलही आढळतें, म्हणून मूळ ग्रंथ उघडणें प्राप्त आहे.

बृहत्संहितेच्या वज्रलेपाध्यायांत टेंभुर्णीचीं व कवठीचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें, सालईचें बीज, धामणीची साल व वेखंड हीं द्रोणभर पाण्यांत आटवून अष्टमांश काढा उरवावयास सांगितला आहे. त्यांत बोळ, गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादिकांचा कल्क घालून तो लेप प्रासाद, लिंग, भिंती व विहिरी यांस ऊन ऊन लावावयाचा. पुढील प्रकारांत लाख, घरांतील काजळी, शिंगें व चामडें येतें. वज्रसंघात तर आठ भाग शिसें, दोन भाग कांसें व एक भाग रीतिका असा धातूंचाच आहे. यांत चुना कोठें आहे? चुन्यास संस्कृतांत सुधा हा शब्द असून सौध शब्द त्यावरूनच निघाला. आचार्यांस चुना अभिप्रेत असता तर शब्दाची वाण नव्हती. सबब वज्रलेप ही राळेची खळ होय, सिमेंट नव्हे.

सिमेंटाचें मर्म निराळें आहे. चुना व भाजलेली माती यांचा पाण्याशीं संयोग होऊन तें पाण्यांतही घट्ट होतें. रोमन लोक चुन्यांत ज्वालामुखीची राख घालीत. वाळूंत कुटलेलें खापर मिसळावें असें व्हिट्रूव्हिअसनें लिहिलें आहे. ज्या चुनखडींत मातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यांत धरतो, हें इंग्लंडांत स्मीटन यास १७५६ च्या सुमारास एडिस्टनच्या दीपगृहाकरितां प्रयोग करितांना उमगलें. लीड्सचा गवंडी अ‍ॅस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट १८२४ त घेतलें, आणि पोरबंदरचा कारखाना १९१४ त सुरू झाला.

आतां आपल्या प्रांताकडे पाहूं. येथील खडक काळा कातळ. चुन्याचे पाषाण नाहींत. म्हणून नाल्यांतील व काळ्या जमिनींतील चुनखडीचे खडे वेंचून भट्टींत भाजीत, चुनकळी विरवीत आणि वाळू किंवा विटांची सुरखी घालून बैलाच्या घाणींत मळीत. या खड्यांत मातीचा अंश स्वभावतःच असतो, आणि सुरखी म्हणजे भाजलेली मातीच. सिमेंटाचा आप्त शोधावयाचा तर तो या घाणींत आहे. चुन्यांत गूळ, हिरडा व बेलफळ यांचें पाणी घालीत; त्या बेलामुळेंच वज्रलेपाचा घोटाळा झाला असावा, असा आमचा तर्क आहे.

या घाणीचा इतिहास पोथ्यांत सांपडणार नाहीं. तो वाड्यांच्या, घाटांच्या व विहिरींच्या बांधकामखर्चाच्या मोडी कागदांत सांपडावयाचा. परंतु एका घरीं आम्हीं पाहिलें तें असें : बृहत्संहितेची पोथी रेशमी वस्त्रांत बांधलेली, आणि हिशेबाचे रुमाल माळ्यावर वाळवीच्या हवालीं. त्या पोथीच्या प्रती अन्यत्रही आहेत. ज्यांच्या संग्रहीं असे हिशेब असतील त्यांनीं चुनकळीचीं मापें, दर व तिथी यांच्या नकला तरी या पावसाळ्यापूर्वीं करून घ्याव्या.