नवशिक्याचा स्नोबोर्ड: मऊ म्हणजे सोपा, या समजाचे खंडन

स्नोबोर्ड घ्यायला निघालेल्या नवशिक्याला बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: फ्रीस्टाइलचा बोर्ड घे, त्यातला मऊ घे, उंचीच्या मानाने जरा आखूड घे आणि रॉकर आकाराचा घे, म्हणजे वळायला सोपे जाईल आणि पडणे कमी होईल. यातली पहिली गोष्ट बरोबर आहे. उरलेल्या तीन जशाच्या तशा मानल्या तर नवशिक्याचे नुकसान होते, आणि जो बर्फापासून जितका लांब राहतो त्याचे तितके अधिक होते.

जव्हार-मोखाड्याचा तरुण असाच लांबचा. या पठारावर पावसाळ्यात धुके आणि धो धो पाऊस, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. बर्फाचे नाव नाही. बर्फावर उभे राहायचे तर मोखाडा-त्र्यंबकच्या वाटेने नाशिक, नाहीतर घाट उतरून मुंबई गाठायची. तिथून श्रीनगर आणि पुढे पन्नासेक किलोमीटरवर गुलमर्ग, किंवा उत्तराखंडात जोशीमठच्या वर औली. रजा, भाडे, गरम कपडे यांची जुळवाजुळव करून वर्षाकाठी हाती लागणार आठवडाभर, तोही जमला तर. हे इथल्या मुलांना झेपणारे नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांच्याही गावात बर्फ पडत नाही. तेव्हा प्रश्न कुवतीचा नाही. जे थोडे दिवस मिळतात ते चुकीच्या साधनावर वाया जाऊ नयेत, एवढाच आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. त्यासाठी फ्रीस्टाइल बोर्ड कुठून आला ते पाहू. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून ‘स्नर्फर’ हे खेळणे केले. पुढच्या टोकाला, म्हणजे नाकाला, दोरी बांधलेला आणि पाय बांधायची सोय नसलेला हा प्रकार घरोघर गेला. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँटमध्ये बोर्डचा कारखाना काढला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगची हाफपाइप स्पर्धा आली, २०१४ मध्ये सोची इथे स्लोपस्टाइल आणि २०१८ मध्ये प्याँगचँगला बिग एअर. उड्या, गिरक्या, लोखंडी दांड्यांवरून घसरणे या साऱ्या खेळासाठी जो बोर्ड घडला तो फ्रीस्टाइल बोर्ड. त्याचे नाक आणि शेपूट एकसारखे असतात, पाय मध्यावर बांधलेले असतात, म्हणून तो दोन्ही दिशांनी सारखाच चालतो. नवशिक्याचा पहिला धडाही नेमका असाच असतो. टाचेच्या कडेवर उभे राहून झाडावरून पान उतरावे तसे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरत खाली यायचे. पुढचे-मागचे सारखे असलेला बोर्ड इथे खरोखर उपयोगी पडतो. इथपर्यंत पूर्वपक्ष मान्य.

रॉकरच्या बाजूनेही सबळ कारण आहे. नवशिक्या टाचेच्या कडेवर, तोंड उताराकडे करून घसरतो आहे. क्षणभर वजन पंजांकडे जाते, बोर्ड सपाट होतो आणि उताराकडची कड बर्फात रुतते. बोर्ड जागच्या जागी थांबतो, माणूस थांबत नाही. तो पालथा आपटतो. सावरायला हात आपसूक पुढे येतात. नवशिक्यांमध्ये मनगटाचे फ्रॅक्चर इतके दिसते त्याचे हे एक कारण. रॉकरमध्ये बोर्डचा मध्य बर्फाला टेकतो आणि दोन्ही टोके वर उचललेली असतात, त्यामुळे कड रुतण्याचा धोका कमी होतो. हेही मान्य.

खंडन सुरू होते ते मऊपणापाशी. दुकानात बोर्डची शेपूट जमिनीला टेकवून, एका हाताने नाक धरून, दुसऱ्या हाताने मध्यावर दाब देतात आणि म्हणतात, “बघा किती मऊ आहे.” या चाचणीत लांबीतला वाक कळतो, आडवा पीळ कळत नाही. नवशिक्याचे वळण सुरू होते ते मात्र पिळाने. तो पुढच्या पायाचा पंजा दाबतो, बोर्डचा पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित पिळतो, तिथली कड आधी बर्फ धरते आणि बोर्ड वळू लागतो. म्हणून पिळाला हलका आणि लांबीत मध्यम असा बोर्ड शिकाऊ पायाला साथ देतो. दोन्ही बाबतींत ढिला असलेला बोर्ड रात्रभर गोठलेल्या कडक बर्फावर सकाळी थरथरतो, टोके फडफडतात, आणि थांबायला कड रोवावी तर ती निसटते. शिकणाऱ्याची पहिली गरज थांबता येणे ही आहे. तिथेच दगा देणाऱ्या बोर्डला सोपा म्हणता येत नाही.

शिवाय मऊपणा वजनाच्या हिशेबाने ठरतो. तीरकामठा ज्याच्या हातात खेळला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको: ज्याच्या दंडाला जेवढा ताण पेलवतो तेवढ्याच ताणाचा कामठा त्याच्या कामाचा. पंचावन्न किलोच्या मुलीला जो बोर्ड मध्यम लागतो तोच पंच्याऐंशी किलोच्या गड्याखाली लुळा पडतो. बोर्डवर एक ते दहा असा फ्लेक्सचा, म्हणजे लवचीकतेचा, आकडा देतात, पण त्याला सगळ्या कंपन्यांचे मिळून ठरलेले एकच माप नाही. एका कंपनीचा तीन दुसरीच्या पाचाजवळ जाऊ शकतो. तेव्हा नुसता आकडा पाहून “सर्वांत कमी तो आपला” असे ठरवणे म्हणजे वजनकाट्याशिवाय औषधाची मात्रा ठरवणे.

लांबीचेही तेच. बोर्ड उभा धरला की तो हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावा, हा सांगोवांगीचा नियम. साडेपाच फूट उंचीचे दोन भाऊ घ्या. एक पंचावन्न किलोचा, दुसरा ऐंशी किलोचा. हा नियम दोघांच्या हातात एकच बोर्ड देतो. कंपन्यांचे तक्ते पाहिले तर हलक्या भावाला १४६ ते १५० सेंटिमीटरच्या आसपासचा आणि जड भावाला १५५ ते १५८ च्या आसपासचा बोर्ड निघतो, कारण बर्फावर दाब पडतो तो वजनाचा, उंचीचा नव्हे. त्यातून आणखी आखूड घेतला तर जड भावाखाली कडेची लांबी कमी पडते आणि मऊ बर्फात नाक बुडते. दांड्या आणि उड्यांसाठी बांधलेल्या पार्कमध्ये खेळणारे दोन-चार सेंटिमीटर आखूड बोर्ड घेतात, तो त्यांच्या गिरक्यांचा हिशेब असतो. शिकाऊ माणसाने तो उसना घेऊ नये.

रॉकरची सोयही पुढे महाग पडते. सपाट जागेवर तो आपोआप भोवऱ्यासारखा फिरू पाहतो. एक पाय मोकळा ठेवून ढकलत जाताना नवशिक्याची त्रेधा उडते. उतारावर तो सहज घसरतो, म्हणून शिकणारा मागचा पाय झाडूसारखा फिरवून दिशा बदलायला लागतो आणि कडेवर वळायचे राहूनच जाते. ही सवय मोडायला पुढचा हंगाम जातो. वर्षातून एकच आठवडा मिळणाऱ्या माणसाला तो हंगाम परवडत नाही. कड रुतू नये यासाठी इतर उपाय आहेत. पायांखाली कॅम्बरची (रॉकरच्या उलट, मध्य वर उचललेली) कमान आणि टोकांना थोडा उठाव, असा हायब्रिड आकार मधला भाग घट्ट ठेवतो आणि टोके सैल सोडतो. बर्टनच्या शिकाऊ बोर्डांत तळाच्या कडाच किंचित वर उचललेल्या असतात. साध्या बोर्डच्याही नाकाजवळच्या व शेपटीजवळच्या कडा जाणत्या माणसाकडून कानशीने बोथट करून घेता येतात.

गुलमर्गची जमीन लक्षात घेतली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सुमारे २,६५० मीटरवरच्या कुरणात नवशिक्यांचे सौम्य उतार आहेत. गोंडोला, म्हणजे रोपवे, कोंगडोरीच्या मधल्या स्थानकावरून पुढे अफरवत डोंगराच्या खांद्यापाशी जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेते. तिथला बर्फ खोल, यंत्राने न दाबलेला, आणि हिमस्खलनाची जाण असणाऱ्यांसाठीच आहे. म्हणजे नवशिक्याचा पहिला आठवडा खालच्या कुरणातच जाणार. फ्रीस्टाइल पार्कचे दांडे आणि उड्यांचे ओटे ज्याला पहिल्या वर्षी वापरायचेच नाहीत, त्याने त्यांच्यासाठी घडवलेला अतिमऊ बोर्ड घेऊन काय साधणार? फ्रीस्टाइलमधला समान आकार तेवढा घ्यावा. बोर्डवर पाय बांधायच्या बाइंडिंगसाठी भोकांच्या रांगा असतात. ताजा खोल बर्फ पडलाच तर दोन्ही बाइंडिंग दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकवून नाक वर ठेवता येते.

आता मंडन. पैसे घालायचे तर आधी बुटात घालावेत. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे यावीत आणि टाच उचलली जाऊ नये. टाच उचलली गेली तर पायाने दिलेला दाब बोर्डपर्यंत पोहोचतच नाही, मग बोर्ड कितीही चांगला असो. बुटाच्या मापावरून बोर्डची रुंदी ठरते. अमेरिकी साडेदहा-अकराच्या पुढचा बूट असेल तर रुंद बोर्ड पाहावा, नाहीतर वळताना बुटाचे टोक बर्फात घासून माणूस पडतो. मग वजनावरून लांबी, आणि शेवटी समान नाक-शेपटीचा, पिळाला हलका, लांबीत मध्यमाकडे झुकणारा हायब्रिड बोर्ड. हलक्या अंगाच्या माणसाने तीन-चारच्या आसपासचा फ्लेक्स पाहावा, जडाने चार-पाचच्या, तोही त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून. तळ साधा एक्स्ट्रूडेड, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून काढलेला, चालेल. तो जरा संथ असतो, पण मेणाची निगा कमी मागतो. पहिल्या फेरीत तर बोर्ड विकत घेऊच नये. गुलमर्गला तो भाड्याने मिळतो. दोन दिवस एक लांबी, दोन दिवस दुसरी वापरून पाहावी. वाचलेल्या पैशांतून मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घ्यावे.

यावर आक्षेप येईल की आधी मऊ बोर्डवर धीर येऊ द्यावा, कडक नंतर घ्यावा. ज्याच्या घरामागे बर्फाचा डोंगर आहे आणि जो हंगामात पन्नास दिवस चढतो, त्याचे हे बरोबर असेल. त्याचा पहिला बोर्ड एका हिवाळ्यात जुना होतो आणि दुसरा त्याला परवडतो. आपल्या माणसाचा पहिला बोर्ड पाच-सहा वर्षे टिकायचा आहे, आणि तो त्याच्याबरोबर वाढला पाहिजे. मी ताठ कॅम्बरचा, शर्यतीचा बोर्डही सुचवत नाही. तो नवशिक्याला प्रत्येक चुकीची शिक्षा देतो आणि धीरच खचवतो. चूक सोसून घेणारा, तरी नीट दिलेल्या दाबाला लगेच उत्तर देणारा मधला बोर्ड असतो. शिकणे त्यावरच घडते.

म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न एवढाच विचारावा: माझ्या वजनाला आणि माझ्या बुटाला कोणता बोर्ड लागू आहे? दुकानदाराने कंपनीचा तक्ता उघडला तर पुढचे बोलावे. त्याने बोर्ड नुसता वाकवून दाखवला, तर दुसरे दुकान गाठावे.